ब्रेक दाबला की मंदावणारा दिवा

तेलीबांध्याला एका नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेशाची बुद्धवंदना होती. मी कॉलेजातून परस्पर गेले होते, बाबा घरून आले होते, त्यामुळे परतताना आमच्या दोन गाड्या झाल्या. पुढे बाबांची जुनी जीप, मागे माझी छोटी कार. दिवेलागणीची वेळ होती. तलावाच्या बाजूने गर्दी होती आणि मी बाबांच्या मागचे दोन लाल दिवे धरून चालले होते. ते दिवे मुळातच मिणमिणते. एका ठिकाणी ते आणखी मंद झाले. मला वाटलं, जीप पुढे निघून गेली, अंतर वाढलं. म्हणून मी जरा वेग घेतला.

जीप पुढे गेली नव्हती. ती थांबली होती.

मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. माझ्या कारचं नाक जीपच्या मागच्या स्टेपनीपासून वीतभर अंतरावर थांबलं. मग राग आला. मी उतरून भर रस्त्यात बाबांच्या खिडकीशी गेले.

"काहून ओरडून राहिली?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमची ब्रेक लाइट लागून नाही राहिली. ब्रेक दाबला की उलट दिवा कमी होऊन राहिला."

"असं कुठं असते का? लागते ना. मी सोता बसवली हाय."

मागचे हॉर्न इतके वाढले की आम्हाला भांडण घरापर्यंत पुढे ढकलावं लागलं.

आधी घराबद्दल सांगते. हिंदी मुलखातल्या या शहरात, शंकर नगरच्या आतल्या गल्लीत आम्ही दोघंच राहतो. मी एका मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्न केलेलं नाही, आणि बाबांनी त्याबद्दल विचारणं दहा वर्षांपूर्वी सोडून दिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाबा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्टीलच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून बाहेर पडले. निवृत्तीनंतरही कारखान्याने त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं होतं, ते तीन वर्षांपूर्वी संपलं. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. जीप त्यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतली, तेव्हा मी एमएस्सीला होते. फोर व्हील ड्राइव्ह, कापडी टप, मागे समोरासमोर दोन बाकं. जंगलात फिरायची गाडी, पण आमच्याकडे आल्यावर ती जन्मभर सिलतऱ्याच्या धुळीतच फिरली.

कंत्राट संपलं तरी बाबांचं सिलतरा सुटलं नाही. दुपारचा चहा झाला की ते जीप काढायचे, कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर जुन्या साथीदारांमध्ये बसायचे आणि संध्याकाळी शिफ्ट सुटली की निघायचे. येताना मागच्या बाकांवर कॅन्टीनमध्ये आणि झाडलोटीला कामाला असलेल्या बायका बसलेल्या असत. त्या वेळी त्या रस्त्यावर ऑटो मिळणं मुश्किल. बाबा त्यांना शहराच्या वेशीपर्यंत सोडायचे. चार असोत की सात, एकीलाही नाही म्हणायचं नाही. त्या त्यांना बाबूजी म्हणायच्या आणि कधी कधी आमच्याकडे पदरात बांधून आणलेली बोरं यायची.

त्याच रस्त्याने लोखंडाने भरलेले ट्रक जातात. एकामागे एक. त्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मंदावणारा दिवा घेऊन माझे बाबा रोज येत होते आणि मागच्या बाकावर माणसं बसलेली होती.

माझा धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. त्याला मराठी सगळं समजतं, पण तो उत्तर हिंदीतच देतो. रात्री फोनवर मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "दीदी, अब बेच दो ना. इस उमर में कौन जीप चलाता है? किसी दिन कुछ हो जाएगा, फिर?"

मी म्हटलं, तूच सांग त्यांना. म्हणाला, "मेरी सुनेंगे क्या?" म्हणजे नेहमीप्रमाणे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

पण बाबांनी स्वतःच मार्ग काढला. जीपची नोंदणी संपत आली होती. जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची तर आरटीओत तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, सगळं पाहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता बाबा म्हणाले, "पास झाली तं चालवीन. नाही झाली तं त्याच दिवशी विकून टाकीन. मंग तुम्ही दोघं बहीण-भाऊ खुश."

मी वर पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला ती नापासच व्हायला हवी होती. मला बाबांना गाडी सोडा म्हणायचं नव्हतं. कोणत्या तरी साहेबाने कागदावर शिक्का मारून ते म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मी कॉलेजात शिस्तीची म्हणून प्रसिद्ध आहे, घरी मात्र भित्री.

पण तपासणीला महिना होता आणि तोवर बाबा रोज जाणारच होते. दिवे तर नीट व्हायलाच हवे होते. शिवाय मला फिजिक्सचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं. ब्रेक दाबल्यावर दिवा लागत नाही, हे समजू शकते. कमी कसा होतो?

रविवारी आम्ही जीप फाटकाकडे तोंड करून अंगणात उभी केली. बाबा ड्रायव्हरच्या जागेवर, मी मागे. अशा जीपच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक गोल लाल दिवा असतो. त्यात एकच बल्ब, पण आत दोन तारा. बारीक तार रात्री गाडी दिसावी म्हणून मंद जळते, जाड तार ब्रेक दाबला की झगझगते. त्याच डब्यात शेजारी पिवळा इंडिकेटर. मी काच काढली, बल्ब तपासले, नवे आणून लावले. काही फरक नाही. पार्किंगचा म्हणजे बारीक तारेचा दिवा लावला की लाल मिणमिण, ब्रेक दाबला की मिणमिणही कमी.

मग मी पार्किंग बंद करायला सांगितलं आणि म्हटलं, आता फक्त ब्रेक दाबा. मागे जवळजवळ काहीच नाही. पण बाबा पुढून ओरडले, "अवं, समोरचे लागले!"

मी धावत पुढे गेले. खरंच, ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे छोटे दिवे अगदी क्षीण लागत होते. बाबा पाय उचलायचे, ते विझायचे. बाबांना हसू आलं. मलाही. भूत झालंय गाडीला, असं म्हणून आम्ही चहा प्यायलो.

चहा पिताना माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गात मी दरवर्षी हेच शिकवते: बॅटरीतून निघालेला प्रवाह बॅटरीत परत यायला हवा, नाहीतर दिवा लागणार नाही. गाडीत जायला तार असते, पण परत यायला वेगळी तार नसते; गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची वाट. मेकॅनिक त्याला अर्थ म्हणतात. मागच्या दिव्याची परतीची वाट कुठेतरी जवळजवळ तुटली होती. म्हणून प्रवाह अडून बसण्याऐवजी शेजारच्या बारीक तारेत शिरत होता आणि तिच्यातून उलटा, पार पुढच्या दिव्यांपर्यंत जाऊन तिथून परतत होता. इतका लांबचा आणि चिंचोळा रस्ता, म्हणून मागे उजेडच नाही. पार्किंग आधीच चालू असेल तर दोन्ही तारांतून प्रवाह डब्यात येऊन कोंडायचा आणि दिवा आणखी मंद व्हायचा.

मी हे बाबांना बशीवर चमचा ठेवून, बिस्किटं मांडून, पाऊण तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरंबर हाय. पण तुटलं कुठं?"

ते मला माहीत नव्हतं. वीस वर्षं शिकवतेय, आणि हातात टेस्टर धरायचा म्हटलं की माझी बोटं परक्याच्या घरी आल्यासारखी वागतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. शंकर नगरच्याच मागच्या रस्त्यावर त्याचं छोटं दुकान आहे. बाबांपेक्षा थोडा लहान, चष्मा कायम कपाळावर. त्याने माझं प्रवाहाचं भाषण ऐकून घेतलं, नुसतं "हव", म्हणजे हो, म्हणाला आणि एका लांब तारेचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला लावलं. दुसरं टोक मागच्या दिव्याच्या डब्याला टेकवलं. बाबांना ब्रेक दाबायला सांगितलं.

दिवा असा लागला की मी डोळे मिचकावले. इतक्या वर्षांत तो दिवा एवढा लाल असू शकतो हे मी विसरले होते.

मग त्याने डबा ज्या पट्टीवर बसवला होता तिथला बोल्ट काढायला घेतला. पाना बसेना. बोल्टच्या डोक्याचे कोपरेच सापडेनात. त्याने सुरीने खरवडलं. वर करडा रंग, त्याखाली करडा, त्याखाली लाल ऑक्साइड, पुन्हा करडा. बोल्ट कसाबसा निघाला तर त्याच्या आट्यांतही रंग. डब्याच्या तळालाही रंग, पट्टीवरही रंग. लोखंडाचा लोखंडाला जवळजवळ स्पर्शच नव्हता.

"अब्बड़ पेंट मारे हव, बाबूजी," तो म्हणाला. "करंट कहाँ से जाही?" एवढा रंग मारल्यावर करंट जाणार कुठून, असं तो विचारत होता.

इतका रंग कुठून आला, हे मला ठाऊक होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांत विश्वकर्मा जयंतीच्या आधी सगळी यंत्रं धुतात आणि रंगवतात. त्या दिवशी पूजा असते. आमच्याकडे बाबासाहेबांच्या फोटोशिवाय दुसरी तसबीर नाही. बाबा पूजेला मागे हात बांधून उभे राहायचे. पण रंगकामात सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या शॉपमधलं यंत्र त्या दिवशी नव्यासारखं दिसायचं, आणि साहेब लोक येऊन बघायचे. आमची पूजा म्हणजे हेच, असं ते म्हणायचे. ती रीत घरी आली. दरवर्षी त्या दिवशी जीपला एक हात. गंज हा त्यांचा एकच वैरी, त्याच्याशी ते कधी तडजोड करत नाहीत.

पण वरून मारलेल्या रंगाने आत काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते कंत्राट संपल्यावर. हातात वेळच वेळ होता. त्या वर्षी बाबांनी एकेक दिवा सोडवला, त्याच्या खाली रंग दिला, बोल्ट रंगात बुडवून वाळवले आणि सगळं पुन्हा घट्ट बसवलं. आतूनही गंज शिरू नये म्हणून. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

आणि तीन वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारखान्यात असताना गेटवरचा गार्ड बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचे मागचे दिवे पाहायचा. ब्रेक मारा, म्हणायचा. दिवा नसला तर गाडी सोडायचा नाही. ते गेट सुटलं आणि बाबांच्या मागे उभं राहून बघणारं कुणी उरलं नाही. मी एकाच घरात राहत होते, पण माझी नजर सकाळी पेपरात आणि संध्याकाळी मुलींच्या वह्यांत.

बाबा तो खरवडलेला रंग बोटांवर घेऊन बघत होते. "गंज लागू नये म्हणून केलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ऐकवेना.

वायरिंगवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, पट्टी उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाला, "गंज तो सच में नहीं है. इतनी पुरानी गाड़ी में एक दाना नहीं." त्याबद्दल मी त्या माणसाला आजही नमस्कार करते.

त्याने त्या दिवशी तात्पुरतं भागवून दिलं, पण जुने दिवे एकूणच दुबळे, आणि ट्रकवाला उंचावर बसतो, त्याला स्टेपनीच्या आडचा दिवा दिसतच नाही, असं म्हणाला. मोठे एलईडी लावा, स्टेपनीच्या वर एक तिसरा ब्रेकचा दिवा लावा, आणि प्रत्येक दिव्याला परतीची स्वतःची तार ओढा. बाबा म्हणाले, सामान द्या, बसवतो मी. माणसाची चूक दुसऱ्याने निस्तरलेली त्यांना चालत नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मला फार आवडले, हे कबूल करते. कॉलेज सुटलं की मी सरळ अंगणात. बाबा जीपखाली सतरंजी टाकून आडवे, मी बाहेरून टॉर्च धरून. काळी तार त्यांनी मागून पुढे चासीच्या आतल्या अंगाने नेली, हातभर अंतरावर बांधली, कुठे लोखंडाच्या धारेवरून जात असेल तिथे रबरी नळी चढवली. तारेला तार नुसती पिळून जोडलेली त्यांना खपत नाही. मला एकदा करायला दिलं आणि माझा जोड बघून म्हणाले, "पोरीले शिकवतं कोण तुह्या कॉलेजात?" मी म्हटलं, मीच. म्हणाले, "तेच म्हटलं."

एलईडी लागले, पण इंडिकेटर लुकलुकेनात. लागले की लागूनच राहिले. मला आनंद झाला, कारण हे मला येत होतं. जुन्या फ्लॅशरच्या डबीत एक धातूची पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, वाकते, दिवा विझतो. गार होते, पुन्हा लागतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेतात की पट्टी तापतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला आणि इंडिकेटर टकटक करू लागले. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझ्या डॉक्टरेटच्या वेळी त्यांनी एवढी मान हलवली नव्हती.

तिसऱ्या दिव्यासाठी त्यांनी स्वतः पट्टी कापून, वाकवून, भोकं पाडून आणली. ती रंगवलीही, पण बोल्टच्या जागी नाण्याएवढं गोल लोखंड उघडं ठेवून त्यावर ग्रीस लावलं. "आता इथं गंज लागला तं लागू दे," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून ऐकणं म्हणजे कमालच.

या सगळ्यात गाडी नापास व्हावी ही माझी इच्छा कुठे गेली ते कळलंच नाही. आता मला ती पास व्हायला हवी होती. दिव्यांसाठी, त्या तारांसाठी, बाबांसाठी.

तपासणीच्या आठ-नऊ दिवस आधी काम संपलं. संध्याकाळ झाली, गल्लीत अजून थोडा उजेड होता. बाबा आत बसले, मी मागे उभी राहिले.

"पार्किंग," मी म्हटलं. लागले.

"डावा." लागला, लुकलुकू लागला. "उजवा." लागला.

"ब्रेक."

काही नाही. मी तोंड उघडलं, परत म्हणायला, आणि तेवढ्यात तिन्ही दिवे लागले. लालभडक. मागच्या भिंतीवर माझी सावली पडली.

"लागला का?" बाबा पुढून म्हणाले.

"लागला. सोडा." दिवे तसेच राहिले, मग विझले.

मला वाटलं, कुठेतरी जोड ढिला आहे. पुन्हा म्हटलं, ब्रेक. पुन्हा तसंच. आधी काही नाही, मग लख्ख. जुने बल्ब असते तर मी त्यांच्या माथी मारलं असतं. त्यांची तार तापायला निमिषभर घेते. एलईडी तेवढाही वेळ घेत नाही. मी इंडिकेटर पुन्हा मागितला. म्हणताक्षणी लागला. म्हणजे बाबांना ऐकू नीट येत होतं. हाताने लागणारे दिवे लगेच लागत होते. फक्त पायाने लागणारा उशिरा येत होता.

मी हळूच बाजूने पुढे गेले आणि दारातून त्यांचा पाय पाहिला. "ब्रेक," मी म्हटलं. पाय जमिनीवरून सुटायलाच वेळ लागला. मग तो पेडलपर्यंत गेला, जरा चाचपडला आणि बसला. बाबा समोर पाहत होते. त्यांना वाटत होतं की त्यांनी लगेच दाबला.

"मस्त लागला ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "मस्त."

त्या रात्री मला भावाला फोन करायचा होता, केला नाही. दुसऱ्या दिवशी बाबा दुपारी सिलतऱ्याला गेले, मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर ज्या कारणाची मी वाट पाहत होते ते कारण माझ्या हातात होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मी स्वतःला सांगत होते की तपासणी झाली की बोलू, रविवारी बोलू, आधी डॉक्टरांना विचारू. बाबा टपरीवरून यायचे आणि सांगायचे, आज अमक्याने मागून पाहिलं, म्हणे फोरमनसाहेब, तुमची गाडी आता एक कोसावरून दिसते. मी पोळ्या लाटत हो हो करायची. संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत मला कशातच लक्ष लागायचं नाही, आणि फाटक वाजलं की मी उद्यावर ढकलायची. यापेक्षा भ्याडपणा मी आयुष्यात केलेला नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी जीप धुतली. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"तू बस आत," ते म्हणाले. "एवढे दिवे लावले, पण मी तं पाहिलेच नाही. मी दाबतो आन् तूच पाहते."

मी आत बसले. बाबा मागे गेले, आरशात त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता.

"ब्रेक," ते म्हणाले. मी दाबला.

"वा! सोड." मी सोडला. "ब्रेक. सोड. ब्रेक." त्यांना गंमत वाटत होती. शर्ट लाल व्हायचा, पांढरा व्हायचा. मग ते थांबले. पुन्हा एकदा म्हणाले, "ब्रेक." हळू आवाजात. मी दाबला.

ते खिडकीशी आले.

"मी म्हणताच लागून राहिला हा," ते म्हणाले. "माह्यानं असाच लागत होता का?"

मला हो म्हणता आलं असतं. कसं कोण जाणे, त्या क्षणी ते आलं नाही.

"नाही, बाबा."

"उशीर होत होता?"

"हो."

"किती? करून दाखव."

मी तोंडाने 'ब्रेक' म्हटलं. मग त्या संध्याकाळी थांबले होते तितकी थांबले, आणि मग टाळी वाजवली. मधला वेळ अंगणात फार मोठा झाला.

"एवढा?"

"एवढा."

त्यांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. चपलेतली बोटं हलवून पाहिली. मग म्हणाले, "उद्या आरटीओत तू घेऊन चाल. आन् मंगही तूच." एवढं सोपं होतं ते. महिनाभर जे मला बोलता आलं नाही, ते त्यांनी खिडकीत हात ठेवून दोन वाक्यांत संपवलं. माझे डोळे भरून आले आणि मी बाबा म्हणून काहीतरी बोलणार तोच त्यांनी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"काम झालं त्या दिवशी."

त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले, ते मला दिसलं.

"म्हणजे आठ दिवस."

"तुम्ही इतके खुश होते, बाबा. माह्यानं बोलणं झालं नाही."

"मागं बायका बसत होत्या," ते म्हणाले. ओरडून नाही. मग ते हात धुवायला आत गेले आणि त्या रात्री जेवायला बसले तेव्हा त्यांनी मला भातसुद्धा मागितला नाही, उठून स्वतः वाढून घेतला.

सकाळी मी जीप चालवली. ती चालवायला जड आहे, क्लच माझ्या गुडघ्यापर्यंत जाणवत होता, आणि बाबा डाव्या बाजूला कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले होते. रांग लांब होती. आमचा नंबर आला तेव्हा तपासणाऱ्या साहेबाने पुढून पाहिलं, हॉर्न वाजवायला लावला, मग मागे जाता जाता त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो कागद घेऊन त्या माणसाशी बोलत उभा राहिला. "ब्रेक मारिए मैडम," तिथूनच म्हणाला. मी दाबला. त्याची आमच्याकडे पाठ होती. मागे फक्त बाबा उतरून उभे होते.

"लागला," बाबा म्हणाले. सकाळपासून माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.